एक किलो चहा, पाऊण किलो कोळसा

आपल्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोन घरी राहतो, आणि या भागात आकडे बरेच आहेत, त्यामुळे डोळ्यांखालून घालायला हे सोयीचं पडेल. बोलताना मध्ये मध्ये जे "म्हणजे... हां" होतं ते काढलंय, बाकी मजकूर जवळपास तोच.

तर आजचा विषय चहा. ग्रीन टीने वजन कमी होतं का आणि कुठलं अमृततुल्य भारी, हे वाद आज बाजूला ठेवू. आपण किराणा दुकानातून जी चहा पावडर आणतो, ती तयार होताना हवेत हरितगृह वायू किती जातात, आणि मुख्य म्हणजे नेमके कुठून जातात, हे आज बघायचंय.

"नेमके कुठून" यावर माझा जोर आहे, त्याला कारण माझा धंदा. ॲप स्लो चालत असेल तर कोडमध्ये दिसेल ते बदलत सुटायचं नसतं. आधी प्रोफायलर लावायचा, वेळ कुठे जातोय ते बघायचं, आणि मग तिथेच हात घालायचा. आज आपण चहाला प्रोफायलर लावणार आहोत. आणि उदाहरण घेणार आहोत आसामचं, कारण भारताचा जवळपास निम्मा चहा एकट्या आसामात होतो, आणि आपल्या डब्यातली दाणेदार पावडर बहुतेक वेळा तिकडूनच आलेली असते.

पाल्यापासून पावडरपर्यंत

मळ्यात झुडपावरून खुडतात ती दोन पानं आणि एक कळी. या ताज्या पाल्यात वजनाच्या साधारण ७८ टक्के पाणी असतं. आपल्या डब्यातल्या पावडरीत ते असतं ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चहाचा कारखाना दिवसभर करतो काय, तर मुख्यतः पाणी उडवतो. एक किलो चहा पावडर बनवायला साडेचार किलोच्या आसपास हिरवा पाला लागतो, आणि मधलं साडेतीन किलो पाणी असतं.

टप्पे असे. आधी पाला मोठ्या लांबलचक जाळीदार हौदांवर पसरतात आणि खालून पंख्याने हवा सोडतात. बारा ते सोळा तास. याला कोमेजवणं म्हणू. मग तो मऊ पडलेला पाला सीटीसी यंत्रातून जातो. सीटीसी म्हणजे चिरडणं, फाडणं आणि गुंडाळणं. दातेरी रूळ एकमेकांवर वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि पाल्याचे बारीक दाणे होतात. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममधल्याच एका मळ्यात तयार झालं आणि आज भारतातला बहुतांश चहा याच पद्धतीने बनतो. त्यानंतर दाणे हवेत ठेवतात, ते हिरव्याचे तांबूस-तपकिरी होतात. याला आंबवणं म्हणतात खरं, पण इथे यीस्ट वगैरे काही नसतं. चिरलेलं सफरचंद काळं पडतं तीच क्रिया. आणि मग वाळवणी: शंभर अंशांच्या आसपासच्या गरम हवेत दाणे वाळवायचे. शेवटी चाळणी आणि पॅकिंग.

आता यातला बॉटलनेक कुठला? आकडेमोड करू, अवघड नाहीये.

साडेचार किलो पाल्यात सुमारे एक किलो घन पदार्थ आहे, बाकी पाणी. कोमेजवून झाल्यावर पाल्यात ७० टक्के पाणी उरलं असं धरू. म्हणजे एकूण वजन ३.३ किलो. यातून एक किलो चहा काढायचा तर गरम हवेने उडवायचं पाणी राहिलं सुमारे २.३ किलो.

पाणी उडवणं हा महागडा उद्योग आहे. खोलीच्या तापमानाचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सात पट उष्णता ते उकळतं पाणी पूर्ण वाफ करून उडवायला लागते. गॅसवर पातेलं विसरून आटवलं तर सिलेंडर लवकर का संपतो, ते हेच. या २.३ किलो पाण्याला लागतात साधारण ५.२ मेगाज्यूल.

कोळशाचा हिशेब

बरं, ही उष्णता येते कुठून? आसामात अनेक कारखान्यांत ती येते कोळशाच्या भट्टीतून. एक किलो मध्यम दर्जाच्या कोळशात २० मेगाज्यूल उष्णता धरली, तर कागदावर २६० ग्रॅम कोळशात काम व्हायला हवं. प्रत्यक्षात लागतो पाऊण ते एक किलो.

मधला फरक जातो कुठे? भट्टीचा धूर थेट चहाला लागू देता येत नाही, नाहीतर चहाला धुराचा वास येईल. म्हणून भट्टीतला गरम धूर लोखंडी नळ्यांमधून नेतात आणि नळ्यांच्या बाहेरून स्वच्छ हवा तापवतात. या अदलाबदलीत उष्णता गळते. धुराड्यातून गळते. वाळवणीतून बाहेर पडणारी हवा अजून गरमच असते, ती तशीच सोडून देतात. नळ्यांवर काजळी साचली की आणखी गळते. भट्टी थंड पडली, परत पेटवली, त्यातही गळते.

एक किलो असा कोळसा जाळला की साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, म्हणून धुराचं वजन कोळशापेक्षा जास्त भरतं. म्हणजे एक किलो चहामागे फक्त वाळवणीचे दीड ते दोन किलो. मधला आकडा घेऊ, १.७ किलो.

विजेचं काय? कोमेजवण्याचे पंखे, सीटीसीचे रूळ, चाळण्या, सगळं मिळून किलोला अर्धा युनिट वीज धरू. भारताच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे इथे ३५० ग्रॅम. वीज गेली आणि डिझेल जनरेटर चालवला तर त्याचं वेगळं.

मळ्यातला न दिसणारा वायू

कारखान्याचं धुराडं दिसतं तरी. मळ्यातून जो वायू निघतो तो दिसतही नाही आणि त्याला वासही येत नाही. तो म्हणजे नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात, किलोला किलो धरला तर, हा कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो.

तो येतो खतातून. चहाचं पीक म्हणजे पानं, आणि पानं हवीत म्हणजे नायट्रोजन हवा. म्हणून युरिया टाकतात. झाडाने घेतला तेवढा घेतला, उरलेल्यावर मातीतले जिवाणू काम करतात. ते नायट्रोजनचं रूप टप्प्याटप्प्याने बदलत नेतात आणि शेवटच्या पायरीवर नायट्रस ऑक्साइडचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू होतो. पण चहाला माती लागते आम्लधर्मी, सामू ४.५ ते ५.५ च्या आसपास. अशा आंबट मातीत जिवाणूंची ती शेवटचीच पायरी नीट चालत नाही. मग नायट्रस ऑक्साइड तसाच हवेत सुटतो. म्हणजे चहाला जी माती मानवते, तीच या वायूलाही मानवते.

हिशेब: समजा हेक्टरी १०० किलो नायट्रोजन टाकला आणि २,००० किलो चहा निघाला. जागतिक पद्धतीत टाकलेल्या नायट्रोजनपैकी १ टक्का या वायूच्या रूपात जातो असं धरतात. त्याचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केलं तर किलो चहामागे साधारण २०० ग्रॅम पडतात. आम्लधर्मी मळ्यांतली मोजमापं बरेचदा याहून जास्त भरतात, म्हणजे हा खालचाच अंदाज. युरिया बनवतात नैसर्गिक वायूपासून, त्या कारखान्याचा धूरही यात धरायला हवा. सगळं मिळून खताचे ४०० ग्रॅमच्या आसपास.

आता बेरीज. वाळवणी १.७ किलो, वीज ०.३५, खत ०.४. एकूण अडीच किलोच्या आत-बाहेर, आणि त्यातला जवळपास ७० टक्के भाग वाळवणीच्या भट्टीचा. मळा बदलला, इंधन बदललं, तर आकडे हलतील. लाकडावर किंवा गॅसवर चालणाऱ्या कारखान्याचं चित्र वेगळं असेल. पण कोळशावरच्या कारखान्यात प्रोफायलर बोट दाखवतो ते भट्टीकडेच.

"पण एका कपात असतो किती चहा?"

हा प्रश्न येणारच, आणि रास्त आहे. एका कपाला लागते तीन ग्रॅम पावडर. म्हणजे आपल्या हिशेबाने सात-आठ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तो चहा घरच्या गॅसवर उकळायला साधारण दहा-पंधरा ग्रॅम. आणि त्यात ६० मिली दूध घातलं तर? दुधाची जागतिक सरासरी लिटरमागे सुमारे अडीच किलो आहे, कारण गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन सोडतात. म्हणजे कपातल्या दुधाचे झाले १५० ग्रॅम. आपल्या मराठी चहात पावडर सर्वांत हलकी निघाली!

मग चहाच्या मळ्यावर एवढं बोलायचं कशाला? दोन कारणं.

एक, दूध कोट्यवधी गोठ्यांतून येतं, तिथला मिथेन कमी करणं फार अवघड प्रकरण आहे, त्यावर वेगळा भाग करावा लागेल. चहाची भट्टी मात्र एका शेडमध्ये, एका जागी असते. तिथे केलेला एक बदल लाखो किलो चहाला लागू होतो. नुसत्या १० कोटी किलो चहामागचा कोळसा टळला तर वर्षाला दीड लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड टळतो, आणि भारतात वर्षाला याच्या तेरा पट चहा बनतो.

दुसरं कारण, या बदलात फायदा कोणाचा आणि खर्च कोणाचा, हे गणित फार चुकीचं बसलंय. त्याकडे आता येऊ.

तीन टक्क्यांची गोष्ट

मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे. आपण धरलं की कोमेजवून पाल्यात ७० टक्के पाणी उरतं. समजा कारखान्याने थोडं जास्त कोमेजवलं आणि ते ६७ टक्क्यांवर आणलं. तीनच टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं.

पण घन पदार्थ तेवढाच, एक किलो. ७० टक्के पाणी म्हणजे एकूण वजन ३.३ किलो. ६७ टक्के पाणी म्हणजे एकूण वजन ३ किलो. भट्टीने उडवायचं पाणी २.३ वरून २ किलोवर आलं. म्हणजे भट्टीचं काम सुमारे १३ टक्क्यांनी कमी! टक्क्यांची ही गंमत असते. भागाकारात खालची संख्याही बदलत असते, त्यामुळे छोटा दिसणारा फरक प्रत्यक्षात मोठा निघतो.

आणि हे तीनशे ग्रॅम पाणी कोण उडवणार? पंख्याची साधी हवा. तिला वीज लागते, पण भट्टीच्या मानाने कमी. वर्षाला १० लाख किलो चहा बनवणारा कारखाना असेल तर यातून साधारण १०० टन कोळसा वाचतो. किलोला १० रुपये धरा, १० लाख रुपये झाले. शिवाय नीट कोमेजवलेल्या पाल्याचा चहा चवीलाही चांगला होतो. याला मर्यादा आहे, फार कोरडा पाला सीटीसीच्या रुळांत नीट चालत नाही. पण त्या मर्यादेपर्यंत तरी जायला काय हरकत आहे?

मग कारखाने हे करत का नाहीत?

कारण जुलै ते ऑक्टोबर. आसामचं मोठं पीक या चार महिन्यांत येतं, आणि हाच पावसाचा काळ. पाला खुडतानाच ओला. हवा इतकी दमट की पंखा कितीही फिरवला तरी पाणी उडत नाही. पावसाळ्यात आपले कपडे दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तसंच. मग कोमेजवण्यासाठीही गरम हवा सोडावी लागते. त्यात पाल्याचे ढीग येऊन पडतात. पाला थांबत नाही. पोत्यात दाबून ठेवला तर आतून तापतो आणि खराब होतो. हौद कमी आणि पाला जास्त असला की सोळा तास द्यायला जागाच नसते. आठ-दहा तासांत उचला, पुढे ढकला, आणि उरलेलं पाणी भट्टीवर सोपवा. कोळसा घातला की झालं.

म्हणजे कोळसा इथे निव्वळ इंधन म्हणून जळत नाही. जागेची आणि वेळेची कमतरता भरून काढायलाही तोच जळतो. सर्व्हर कमी पडले की आपण घाईघाईने जास्त पैसे टाकून क्लाउड वाढवतो ना, तसंच.

आता हा पाला कोणाचा असतो? आसामचा चहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साहेबांचे बंगले आणि हजार एकरांचे मळे येतात. पण आज आसामच्या उत्पादनाचा जवळपास निम्मा पाला छोट्या उत्पादकांचा आहे. टी बोर्डाच्या व्याख्येनुसार १०.१२ हेक्टरपर्यंत चहा असलेला तो छोटा उत्पादक. प्रत्यक्षात अनेकांकडे एखाद-दोन एकरच असतात. भाताच्या शेजारी, घरामागे लावलेला चहा. त्यांच्याकडे कारखाना नसतो. ते पाला विकतात, बरेचदा एजंटमार्फत, आणि विकत पाला घेणारे वेगळे कारखाने तो प्रक्रिया करतात.

या साखळीत पाल्याचा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो आणि चहाचा भाव लिलावात ठरतो. नवे हौद, चांगली भट्टी, बाहेर जाणारी गरम हवा परत वापरणारी यंत्रणा, सगळ्याला आधी भांडवल लागतं. ते कारखान्याने घालायचं, आणि त्याची वसुली कुठून? "कमी कोळशाचा चहा" म्हणून लिलावात कोणी जास्त भाव देत नाही. मग दबाव खाली सरकतो. कारखान्याचा खर्च वाढला की सगळ्यात सोपं काय, तर पाल्याचा भाव पाडणं.

इंधनच बदललं तर?

काही ठिकाणी बदललेलं आहेच. वरच्या आसामात, दिब्रुगड-तिनसुकिया भागात नैसर्गिक वायू जमिनीतूनच निघतो आणि तिथल्या बऱ्याच कारखान्यांना तो पाइपने मिळतो. तेवढीच उष्णता काढायला गॅसमधून कोळशाच्या मानाने सुमारे ४० टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. पाइपमधून मिथेन गळू दिला नाही तर, बरं का. पाइप जिथे पोचत नाही तिथे कोळसाच स्वस्त पडतो.

निलगिरीत, श्रीलंकेत, केनियात लाकूड जाळतात. कागदावर लाकडाचा हिशेब शून्य धरता येतो, कारण जाळलेलं झाड परत लावलं की तो कार्बन परत शोषला जातो. अट "परत लावलं की" ही आहे. स्वतःची निलगिरीची लागवड करून तीच जाळली तर ठीक. जंगल तोडून आणलं तर तो शून्य खोटा. आणि ओलं लाकूड जाळलं तर पुन्हा तेच, भट्टी आधी लाकडातलं पाणी उडवत बसते.

खताच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. काही महिन्यांत, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, निर्णय मागे घ्यावा लागला. २०२१ मध्ये तिथे सुमारे ३० कोटी किलो चहा झाला होता, २०२२ मध्ये तो २५ कोटींवर आला. त्या वर्षी देशात इंधनाचीही टंचाई होती, पण खताचा फटका मोठा होता. एका आदेशाने मळा बदलत नाही. माती तपासून, थोडं थोडं, पाऊस बघून खत देणं हे हळू काम आहे. जोरहाटजवळच्या टोकलाई संशोधन केंद्रात चहावर १९११ पासून काम चालू आहे, त्यामुळे ज्ञानाची कमतरता आहे असं अजिबात नाही.

आणि उलटा फेरा

चहा हवा तापवतो, आणि तापलेली हवा चहाला सोसत नाही. या झुडपाला ऊन आणि पाऊस दोन्ही वेळेवर लागतात. २०२३ मध्ये भारतात सुमारे १३९ कोटी किलो चहा झाला, २०२४ मध्ये तो १२८ कोटींवर आला. टी बोर्डाने त्या वर्षी नोव्हेंबरअखेर तोडणी लवकर थांबवली, हेही त्यात एक कारण आहे. पण उन्हाळ्यातली उष्णता आणि लहरी पाऊस हे दुसरं, आणि ते दर वर्षी येतंय. पाला कमी आला की मोठी कंपनी दुसरीकडून चहा घेऊ शकते. पण एक एकरवाल्याला घरामागचा मळा सोडून जाता येत नाही, आणि खुडणाऱ्या बायकांना तापल्या उन्हात पाठीवर टोपली घेऊन उभं राहावंच लागतं. ज्यांच्या हातात भट्टीचा निर्णय नाही, त्यांनाच तिची झळ पहिली लागते.

मग आपण काय करायचं?

चहा सोडायचा का? नाही हो. तुम्ही एक कप सोडल्याने आसामातली भट्टी विझणार नाही, आणि भाव पडला तर आधी छोट्या उत्पादकाचाच पडेल.

घरच्यापुरतं सोपं आहे: पाहिजे तेवढंच पाणी ठेवा, झाकण ठेवा, आटवत बसू नका. आपल्या कपात पावडरीपेक्षा गॅस जास्त जळतो, हे आत्ताच बघितलं.

पण खरा प्रश्न विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना विचारायचा आहे. पाकिटावर "पर्यावरणपूरक" लिहिलेलं दिसलं की त्यांच्या पेजवर जाऊन एवढंच विचारा: तुमचा चहा कुठल्या इंधनावर वाळवला, किलोमागे किती जळलं, आणि भट्टी सुधारायचा खर्च तुम्ही उचलला की कारखान्यावर आणि पाला विकणाऱ्यावर टाकला? हिरवं पान आणि हसरी बाई छापणं सोपं असतं. या तीन प्रश्नांची आकड्यांत उत्तरं देणं जरा अवघड असतं.

तुम्ही विचारलंत आणि उत्तर आलं, तर आम्हाला नक्की पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. आणि पुढचा भाग, तुम्ही ओळखलंच असेल, दुधावर. तोपर्यंत चहा घ्या, झाकण ठेवा, भेटू!